समुद्रापलीकडची पेठ

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरच्या शेजारी, चिंचणी नावाचे जे गाव आहे तेथे गेल्या शतकाच्या मध्यास ताम्रपटांचा एक संच सापडला आणि दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे वाचन करून तो 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केला. त्यातील सर्वांत जुना लेख शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा, राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील आहे. आणि त्यात वर्णिलेला प्रांताधिकारी कोण होता हे कळले म्हणजे आपल्या या मुलखाविषयीच्या अनेक रूढ कल्पना बाजूस ठेवून नव्याने विचार करणे भाग पडते. संयान-मंडल, म्हणजे आजच्या संजाणभोवतीचा समुद्रकाठचा सुभा, राष्ट्रकूटांच्या दुसऱ्या कृष्णाने ज्याच्या स्वाधीन केला होता तो पुरुष ताजिक, म्हणजे पश्चिमसमुद्रापलीकडून आलेल्या अरब समाजातील होता; त्याच्या पित्याचे नाव लेखात सहियारहार असे आले आहे, आणि त्याचे स्वतःचे महंमद हे नाव संस्कृत रचनाकाराने मधुमती असे करून घेऊन सुगतिप हे त्याचे दुसरे नावही नोंदविले आहे.

या मधुमतीने किनाऱ्यावरील बंदरांचे नायक आपल्या धन्याच्या वतीने जिंकून तेथे आपली माणसे नेमली, असे लेख सांगतो. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या त्याच्या पुढील दोन कृती. त्याने दोन नद्यांवर फुकट तरीची सोय केली, आणि संयान नगरात एक सत्र घातले, जेथे साळीचा भात, कालवण आणि तूप येणाऱ्या-जाणाऱ्यास विनामूल्य मिळे. पुढे अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने तेथे मठिका, म्हणजे लहान मठ, बांधली, तेव्हा तिच्या डागडुजीसाठी, तेथील देवीच्या नैवेद्यासाठी आणि विद्वान ब्राह्मणांच्या भोजनासाठी जे गाव व जी जमीन लावून देण्यात आली, तिची सनद याच ताजिक अधिकाऱ्याच्या अनुमतीने झाली. शतकभरानंतरच्या, इ.स. १०३४च्या, त्याच संचातील एका लेखात संयानच्या प्रमुख नागरिकांमध्ये अल्लिय आणि मधुमत अशी नावे आढळतात. म्हणजे अरबांचा तेथील वास हा एका अधिकाऱ्याच्या नेमणुकीपुरता नव्हता, त्यांची पेठ तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. ज्या बंदरात गुजरातचा वाणी, सिराफचा नाखवा, इराणातून आलेला पारशी आणि घाटावरचा बैलवाला एकाच धक्क्यावर उतरतो, तेथे नदीवरची तर आणि अन्नछत्र या दोन गोष्टी दानधर्माच्या जितक्या असतात तितक्याच कारभाराच्याही असतात, हे त्या मनुष्याने पुरते ओळखले होते.

अरब प्रवाशांचे लेखन या चित्राला दुजोरा देते. दक्षिणेचा 'बल्हरा', म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूट, हा अरबांचा मित्र असल्याचे ते नवव्या शतकापासून लिहीत आले. अल्-मसूदी हा इतिहासकार इ.स. ९१६ मध्ये सैमूर बंदरात, म्हणजे आपल्या चौलला, आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले आहेत, तसेच याच भूमीत जन्मलेले 'बयासिरा'ही आहेत, आणि त्यांचे तंटे मिटविण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एकास मुखत्यार नेमले आहे, असे त्याने लिहून ठेवले. पुढच्या भूगोलकारांनी सैमूर, संजाण आणि खंबायत येथील जुम्मा मशिदींचा उल्लेख केला आहे. एवढी माणसे, एवढा व्यापार, एवढी मान्यता. आणि तरीही त्या काळच्या अरब वस्तीचे एकही घर आज या किनाऱ्यावर उभे नाही. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, खारा वारा, वाळवी, आणि जुन्या घराचा दगड-लाकूड नव्या घराला लावण्याची आपली वहिवाट, यांपुढे हजार वर्षे टिकणार काय? संजाण येथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, त्यात पश्चिम आशियातून आलेल्या निळसर-हिरव्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे आणि चिनी मातीच्या भांड्यांची खापरे विपुल निघाली. वाड्याची कल्पना खापरावरून करणे कठीणच.

मग त्या व्यापाऱ्यांची घरे होती तरी कशी? याचे उत्तर समुद्रापलीकडे जाऊन शोधावे लागते. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिराफ हे त्या काळचे अव्वल बंदर. अल्-इस्तख्री हा दहाव्या शतकातील भूगोलकार सांगतो की सिराफची घरे अनेक मजल्यांची असून ती सागवानाने आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाने बांधलेली होती, आणि तेथील एका व्यापाऱ्याने आपल्या घरावर तीस हजार दिनार खर्चिले होते. इ.स. ९७७च्या सुमारास भूकंपाने त्या नगराचे कंबरडे मोडले. परंतु वस्ती गेली तरी बांधण्याची विद्या गेली नाही. इराणी आखाताच्या दोन्ही तीरांवरील गावांत ती शतकानुशतके चालू राहिली, आणि तिचे एक उशिराचे पण संपूर्ण रूप आजही पायी फिरून पाहता येते. ते दुबईच्या खाडीलगत, जुन्या किल्ल्याच्या बाजूस आहे. आमच्या पालघर-बोईसरकडची कितीतरी मुले नोकरीनिमित्त त्या शहरात आहेत. त्यांतील बहुतेकांनी मीना बाजार पाहिलेला असतो, आणि तेथून थोड्याच पावलांवर असलेली ही बस्तकिया, किंवा आताच्या अधिकृत नावाने अल् फाहिदी मोहल्ला, पाहायचा राहून गेलेला असतो.

या मोहल्ल्याच्या जन्माचे कारण जकात हे आहे. इराणच्या किनाऱ्यावरील लिंगे हे बंदर एकोणिसाव्या शतकात अरब कवासिम घराण्याच्या अंमलाखाली भरभराटीस आले होते. १८८७ मध्ये इराण सरकारने ते आपल्या हाती घेतले, आणि शतक पालटताना जकातीचा बंदोबस्त बेल्जियन अधिकाऱ्यांकडे सोपविला, तेव्हा हिशेबाची कडक तपासणी आणि वाढते कर यांनी तेथील व्यापारी त्रासून गेले. नेमक्या त्याच सुमारास समोरच्या तीरावर दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी, ज्यांची कारकीर्द १८९४ ते १९०६ अशी होती, आपल्या बंदरातील जकात माफ केली आणि येणाऱ्या व्यापाऱ्यांना किल्ल्याजवळ जागा दिल्या. लिंगेच्या पाठीमागच्या बस्तक प्रांतातून आलेली सुन्नी व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली, आणि आपल्या गावाचे नाव त्यांनी नव्या वस्तीला दिले. व्यापारी मनुष्य जेथे जातो तेथे आधी वखार उभारतो. यांनी घरे बांधली, यावरून परत जाण्याचा विचार त्यांनी सोडून दिला होता हे उघड होते.

बाहेरून पाहणाऱ्यास ही घरे अबोल वाटतात. उंच, जवळजवळ खिडकीरहित भिंती, त्यांच्यामध्ये 'सिक्का' म्हणतात त्या अरुंद गल्ल्या, आणि एवढ्यात कोठे तरी अकस्मात उघडणारा कोरीव लाकडी दरवाजा. पण या अबोलपणात मोठा विचार आहे. गल्ल्या अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात आणि दिवसाच्या बऱ्याच प्रहरी पायाखालची जमीन तापत नाही; त्यांतील कित्येक खाडीच्या दिशेने नेलेल्या असल्यामुळे पाण्यावरून येणारी झुळूक त्यांतून आत शिरते. दरवाजातून आत गेल्यावर वाट एकदम वळते, यासाठी की रस्त्याने जाणाऱ्याची नजर अंगणापर्यंत पोहोचू नये. प्रवेशाजवळच, पुष्कळदा स्वतंत्र दाराने जोडलेली, 'मजलिस' असते; परगावचा आडत्या, दलाल, नाखवा यांची बैठक तेथेच, आणि घरातील स्त्रियांच्या वावराला त्यामुळे अडथळा नाही. आपल्या कोकणातील ओटीचे आणि देशावरील वाड्याच्या सदरेचे काम हेच होते, फरक इतकाच की आपली ओटी रस्त्याकडे तोंड करून बसते आणि ही मजलिस पाठ करून. मधले अंगण हे घराचे खरे हृदय: सर्व खोल्यांची दारे त्यात उघडतात, आणि उन्हाळ्यात रात्री गच्चीवर निजण्याची पद्धत होती.

भिंतींचा दगड समुद्रातून काढलेला प्रवाळाचा असे. तो सच्छिद्र आणि हलका असतो, आणि त्या छिद्रांत अडकलेली हवा बाहेरची उष्णता सावकाश आत येऊ देते. त्याच्यातील मीठ धुऊन जावे म्हणून तो काही काळ उघड्यावर पडू देत, आणि मग जिप्समच्या चुन्यात बसवून वरून गिलावा करीत. याच जिप्समचे कोरीव पडदे कमानीच्या वर बसविले की प्रकाश गाळून येतो. छताला 'चंदल' म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांतील खारफुटीचे वासे, त्यांवर खजुरीच्या झावळ्यांच्या चटया, आणि त्यांवर मातीचा थर. चंदलचा वासा साधारण तीन-साडेतीन मीटरपेक्षा लांब मिळत नसे, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. म्हणजे झांजिबारच्या किनाऱ्यावरील एका झाडाच्या वाढीने अरबस्तानातील दिवाणखान्याचे माप ठरवून दिले. ज्यांना मोठे दालन हवे असे, किंवा ज्यांना दरवाजा, खांब, खिडकीचे गज, जिन्याचे कठडे हे दिमाखदार करायचे असत, त्यांना सागवानाशिवाय गत्यंतर नव्हते. आणि सागवान येई ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मुख्यतः मलबारातून, आणि ब्रह्मदेशाचे लाकूड मुंबईच्या बंदरातून.

आता या घरांच्या डोक्यावरील त्या मनोऱ्यांकडे वळू, ज्यांच्यामुळे बस्तकियाची आकृती क्षितिजावर ओळखू येते. त्यांना तेथे 'बर्जील' म्हणतात. खोलीच्या माथ्यावर दहा-पंधरा मीटर उंचीपर्यंत चौकोनी मनोरा चढविलेला असतो, वर त्याच्या चारही बाजू उघड्या असतात, आणि आतून कर्णाच्या रेषेत दोन पातळ भिंती एकमेकींना छेदून त्याचे चार उभे नळ करतात. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या नळात तो अडतो आणि खाली लोटला जातो. विरुद्ध बाजूस हवेचा दाब कमी झालेला असतो, म्हणून तिकडच्या नळातून खोलीतील तापलेली हवा वर ओढली जाते. वाऱ्याने दिशा बदलली की नळांची कामे आपोआप बदलतात, कोणी काही फिरवावे-उघडावे लागत नाही. नळाचे तोंड खोलीत जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या थोड्या वरपर्यंतच आणलेले असते, म्हणून खाली गादीवर बसलेल्यांच्या अंगावर झुळूक येते. हिवाळ्यात लाकडी फळ्यांनी ते बंद करीत. मनोऱ्याच्या भिंतींतून बाहेर डोकावणारे वासे पाहून पुष्कळांना ते शोभेचे वाटतात, पण ते भिंतींना एकमेकींशी जखडून धरतात आणि दुरुस्तीच्या वेळी गवंड्याला पाय ठेवायला परांची म्हणून उपयोगी पडतात. वारा पडला की हा सारा डौल निरुपयोगी, असे कोणी म्हणेल. तेही पूर्ण खरे नाही, कारण उन्हाने तापलेला मनोरा स्वतःच धुराड्यासारखा वागू लागतो आणि खोलीतील हवा हलती ठेवतो.

आपल्याकडे असा मनोरा का झाला नाही, हा प्रश्न पालघरकडच्या मासवण गावच्या मनुष्याला सूर्या नदीच्या काठी उभे राहून सहज पडावा. उत्तर पावसात आहे. दुबईला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून तेथे सपाट गच्ची आणि वर उघडा मनोरा चालतो. येथे चार महिने धो-धो कोसळणाऱ्या पाण्यापुढे उतरते कौलारू छप्पर, पुढे आलेली वळचण, आणि भोवतीची पडवी हेच शहाणपण. पण मूळ सामग्री एकच. वाडा, जव्हार, मनोर या जंगलपट्ट्यातील साग खाडीवाटे वसई-आगाशीकडे जाई, आणि आगाशीची जहाजबांधणी सोळाव्या शतकात इतकी नावाजलेली होती की तेथे बांधलेले गलबत पोर्तुगालपर्यंत जाऊन परत आल्याची नोंद आहे. एकाच झाडाचे एका तीरावर घराचे आढे झाले, दुसऱ्यावर दरवाजाची चौकट, आणि मधल्या पाण्यावर दोन्हींना जोडणारे गलबत.

हे जोडणे केवळ लाकडापुरते नव्हते. मोत्यांचा उन्हाळी हंगाम संपला की आखातातील मोती मुंबईत येत आणि येथून पॅरिस-लंडनकडे जात. कुवेत, बहरैन आणि दुबईच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, त्यांची मुले येथे येऊन हिशेब आणि हिंदुस्थानी शिकत, आणि परतताना त्यांच्या गलबतांत तांदूळ, कापड, मसाले आणि इमारती लाकूड भरलेले असे. त्या साऱ्या किनाऱ्यावर चलन आपला रुपयाच होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि दुबई-अबू धाबीकडे १९६६ पर्यंत रुपयाचाच व्यवहार होता. बहरैनमधील मुहर्रक येथे मोत्याच्या व्यापाऱ्यांच्या घरांसह सतरा इमारती आणि समुद्रातील तीन शिंपल्यांची क्षेत्रे २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदविली गेली. त्या घरांच्या भिंतींमागे मुंबईच्या बाजारभावाची चिंता नांदली असणार, कारण १९३०च्या सुमारास जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी एकदम आली तेव्हा त्या व्यापाराचा कणाच मोडला आणि कित्येक घरे गहाण पडली.

तांबड्या समुद्राच्या काठचे जेद्दा हे याच कुळातील, पण ठेवणीने निराळे. तेथे पेठ उंच वाढली: चार-पाच मजली प्रवाळी घरे, भिंतींत ठराविक अंतरावर घातलेले लाकडी आडवे थर, आणि रस्त्यावर पुढे आलेले 'रोशन', म्हणजे जाळीदार सागवानी सज्जे, ज्यांतून वारा आत येतो आणि बाहेरची नजर आत जात नाही. १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील नसीफ वाड्यापुढे आपल्या ओळखीचे कडुनिंबाचे झाड आहे, आणि एके काळी साऱ्या शहरात तेवढेच झाड होते म्हणून वाड्याची खूण त्यावरूनच सांगत. जेद्दाची ही पेठ २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

बस्तकिया मात्र थोडक्यात बचावली. तेल आले, मग वीज आणि वातानुकूलन आले, आणि सधन कुटुंबे नव्या बंगल्यांत गेली. मोकळ्या झालेल्या घरांत परदेशी मजूर दाटीने राहू लागले, आणि काही घरांची गोदामे झाली. १९८०च्या दशकात राज्यकर्त्यांच्या दिवाणाची नवी इमारत उभारताना मोहल्ल्याचा जवळजवळ अर्धा भाग पाडला गेला. उरलेलाही जाणार असे दिसत असता तेथेच राहणाऱ्या रेनर ऑटर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने विरोध केला, १९८९ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स दुबईस आले तेव्हा त्यांनी हा मोहल्ला पाहून तो जतन व्हावा असे म्हटले, आणि पाडापाड थांबली. पुढच्या दशकांत नगरपालिकेने घरे दुरुस्त केली. प्रवाळ आता समुद्रातून काढता येत नाही, तेव्हा पडलेल्या घरांचा जुना दगड आणि नवे पदार्थ यांचा मेळ घालावा लागला. आज तेथे चित्रशाळा, लहान संग्रहालये, कॉफीची दुकाने आणि परदेशी पाहुण्यांना स्थानिक रीतिरिवाज समजावून सांगणारे, १९९८ मध्ये स्थापन झालेले केंद्र आहे. मला मनापासून वाटते की हे काम आदराने पाहण्यासारखे आहे. परंतु एक उणीव डोळ्यांआड करता येत नाही. ज्या खोलीत झुळूक यावी म्हणून तो मनोरा चढविला, त्या खोलीत आता कोणी झोपत नाही, अंगणात मुले खेळत नाहीत, आणि बस्तकच्या कुटुंबांचे वंशज तेथे मालक म्हणून नव्हे, तर आमंत्रित म्हणून येतात. घर जगले, मोहल्ला मात्र जगला असे म्हणायला जीभ अडखळते.

आमच्या तारापूरची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे, आणि म्हणून ती इकडच्या वाचकाने लक्षात घ्यावी. तेथे अरबांची नव्हे तर पारशी व्यापाऱ्यांची पेठ होती, आणि तिचे नायक विकाजी मेहरजी व त्यांचे बंधू पेस्तनजी हे अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथेच जन्मले. जकातीचे मक्ते घेत घेत विकाजींनी मोठी संपत्ती मिळविली. पुढे हैदराबादेत या भावांची सावकारी पेढी इतकी वाढली की निजामाच्या दरबारास ती कर्ज देई, आणि औरंगाबादेत पेस्तनजींच्या नावाचा रुपया पडे. निजामसरकारने वऱ्हाडातील तारण दिलेले मुलूख काढून घेतल्यावर ती पेढी बसली. पण १८२० मध्ये विकाजींनी तारापुरात बांधलेली अग्यारी आजही अग्नीसह उभी आहे. तिच्या आसपास जुन्या पारशी घरांपैकी काही अद्याप शिल्लक आहेत: उंच जोते, पुढे ओटा, सागवानी खांब, दाराच्या चौकटीवर कोरीव काम, आणि वर कौलारू छप्पर. यांतील कित्येकांना कुलूप असते, कारण कुटुंबे मुंबईस किंवा परदेशी गेली. पण जेथे कुणी म्हातारे जोडपे राहते तेथे ओट्यावर बसण्याची वहिवाट अजून चालू आहे. या घरांचे नकाशे काढून, खांबांची, आढ्यांची, जोत्यांची मोजमापे घेऊन, लाकूड कोठले, सुताराने सांधा कसा घातला, कौले कोणत्या कारखान्याची, हे सारे लिहून ठेवायला वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक गट आणि दोन कोरडे महिने पुरतील. ते काम पावसाळ्याआधी सुरू करावे लागेल, कारण पडवीचे छप्पर एकदा बसले की भिंत दुसरा पाऊस पाहत नाही.